माळ्यावरची बाळंतीण



मागच्या वर्षी अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला आमच्या रेडिओ केंद्राच्या फोनवर एक निरोप आला. पाठवणाऱ्या मावशी आमच्या अगदी सुरुवातीपासूनच्या श्रोत्या. लेकीच्या बाळंतपणासाठी त्या कॅनडात, टोरांटो शहराजवळ गेल्या होत्या. घर लाकडी, दुमजली, वर उतरतं छप्पर. रात्री दोनच्या सुमाराला नातवाला मांडीवर घेऊन बसल्या असताना वर कोणीतरी जड पावलांनी चाललंय असं त्यांना वाटलं. मग थोडा वेळ शांतता. मग बारीक कुंईकुंई. मावशी म्हणाल्या, "मला वाटलं आपलंच बाळ रडतंय. पण ते तर मांडीवर गाढ झोपलेलं."

सकाळी जावयांनी माळ्याची झडप उघडून बॅटरी मारली. कोपऱ्यात रॅकूनची मादी बसली होती आणि तिच्या पोटाशी चार पिल्लं.

निरोपाच्या शेवटी मावशींनी आम्हाला विचारलं होतं, "जावईबापू म्हणतात, माणूस बोलावू, तो पिंजरा लावून तिला लांब नेऊन सोडेल. मला ते पटत नाही. बाळंतिणीला घराबाहेर कसं काढायचं? पण खाली आठ दिवसांचं बाळ आहे आणि वर घाण साठतेय, तेही खोटं नाही. तुम्ही सगळ्या विषयांवर बोलता, यावर काय म्हणता ते सांगा."

आम्ही आधी हसलो. रॅकून आमच्यापैकी कोणीच पाहिलेला नव्हता. पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. एका घरात दोन बाळंतिणी, एक खाली आणि एक वर, आणि दोघींचाही निवाडा मावशींना करायचा होता. म्हणून आम्ही वाचायला बसलो. मावशींना काय कळवलं आणि पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. त्याआधी हा प्राणी माणसाच्या डोक्यावर येऊन राहिला कसा, त्याची गोष्ट ऐका. ती गोष्ट ऐकल्याशिवाय पिंजरा लावावा की नाही हे ठरवता येत नाही, असं आमचं मत झालं आहे.

रॅकून हा मूळचा अमेरिका खंडातला प्राणी. मोठ्या मांजरापेक्षा थोराड, वजन साधारण पाच ते दहा किलो. डोळ्यांवरून आडवा काळा पट्टा, झुबकेदार शेपटीवर गडद वलयं. पण त्याची खरी ओळख म्हणजे त्याचे हात. पुढच्या पायांना पाच लांबट बोटं असतात आणि तो त्यांनी वस्तू चाचपतो, उलटतो, उघडतो. आज अमेरिकेत ज्याला व्हर्जिनिया म्हणतात, तिथल्या पाउहाटन लोकांच्या भाषेत त्याला 'अराकून' अशासारखं नाव होतं. हातांनी घासणारा, खरवडणारा, असा त्याचा अर्थ. इंग्रज लोक १६०७ मध्ये तिथे वसाहत करायला आले तेव्हा त्यांनी तो शब्द ऐकला, वेडावाकडा लिहून घेतला आणि त्याचा रॅकून झाला. मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतल्या नावाचा अर्थही जवळपास तोच, सगळं हातात घेणारा. ज्यांनी त्याला पिढ्यान् पिढ्या शेजारी म्हणून पाहिलं होतं, त्यांना त्याचे हात आधी दिसले.

युरोपातल्या विद्वानांना तो अस्वलाचा भाऊबंद वाटला. स्वीडनचे लिनिअस, ज्यांनी सगळ्या प्राण्या-वनस्पतींना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत बसवली, त्यांनी १७५८ मध्ये त्याला 'धुणारं अस्वल' अशा अर्थाचं लॅटिन नाव दिलं. पाळलेला रॅकून खाण्याची वस्तू पाण्यात बुडवून चोळताना दिसतो, त्यावरून हे नाव. जर्मन आणि जपानी भाषांत आजही त्याला धुणारं अस्वलच म्हणतात. खरं पाहता तो अस्वलाच्या कुळातला नाही आणि स्वच्छतेसाठी धूतही नाही. त्याच्या तळहाताची कातडी फार संवेदनशील असते. ती ओली झाली की स्पर्श जास्त कळतो. ओढ्याच्या पाण्यात हात घालून खेकडे, बेडूक चाचपून पकडण्याची त्याची पिढीजात सवय, तीच तो पिंजऱ्यातही करत राहतो.

जंगलात रॅकूनची मादी जुन्या झाडाच्या ढोलीत विते. नर पिल्लांकडे पाहत नाही, सगळं एकटीनं करावं लागतं. गर्भ साधारण नऊ आठवड्यांचा. थंडी सरता सरता, एप्रिल-मे महिन्यांत तिला तीन-चार पिल्लं होतात. पिल्लांचे डोळे उघडायला जवळपास तीन आठवडे लागतात. आईमागून चालायला ती दोन महिन्यांनी लागतात. म्हणजे आपल्या बाळंतिणीचा सव्वा महिना, तर हिचे दोन महिने. एवढे दिवस तिला उबदार, कोरडी, उंचावरची आणि बोक्या-कुत्र्यांपासून सुरक्षित जागा लागते.

आता बघा. अमेरिकेत आणि कॅनडात माणसानं जुनी झाडं तोडली आणि त्याच लाकडाची घरं बांधली. घराला उतरतं छप्पर, छपराखाली रिकामा माळा, माळ्यावर थंडी अडवण्यासाठी कापसासारखा जाड मऊ थर. छप्पर भिंतीला मिळतं तिथे पातळ फळ्या. शिवाय धुराडी, आतून पोकळ आणि वरून उघडी, अगदी झाडाच्या ढोलीसारखी. हातांनी फळी उचकटता येणाऱ्या प्राण्याला आणखी काय हवं? खाली अंगणात उरल्यासुरल्या अन्नाचा डबाही ठेवलेला. विसाव्या शतकाच्या मध्यापासून रॅकूनची संख्या कितीतरी पटींनी वाढली आणि शहरातली वस्तीही वाढत गेली. तेव्हा तिकडच्या माळ्यावरचा रॅकून हा घुसखोर की जागा गेलेला जुना रहिवासी, याचं उत्तर सोपं नाही.

माणसाचं आणि त्याचं नातं तसं जुनं, पण ते बहुतेक कातडीपुरतं. मूळचे रहिवासी त्याचं मांस खात आणि कातडीची पांघरुणं करत. गोऱ्या वसाहतवाल्यांनी कातड्यांचा व्यापार केला. दक्षिणेतले गरीब आणि गुलाम लोक रात्री कुत्री घेऊन त्याची शिकार करत, कारण दिवसभर राबल्यावर रात्रच त्यांची असे. पुढे त्याची चैन झाली. १९२० नंतरच्या दहा वर्षांत अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलांत पायघोळ रॅकून कोटांची लाट आली. १९५५ मध्ये टेलिव्हिजनवर डेव्ही क्रॉकेट नावाच्या जुन्या रानवीराची मालिका गाजली. तो शेपटीवाली टोपी घालायचा, म्हणून घराघरातल्या मुलांनी तसल्या टोपीसाठी हट्ट धरला आणि कातड्याचे भाव चढले.

याच काळातली एक हलकीफुलकी गोष्टही सांगायला हवी. १९२६ च्या नोव्हेंबरात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कॅल्विन कूलिज यांना मिसिसिपीहून एक जिवंत रॅकून भेट आली. सणाच्या जेवणात शिजवून खावी म्हणून! कूलिज कुटुंबाला ते जमलं नाही. त्यांनी तिला ठेवून घेतलं आणि रेबेका नाव दिलं. अध्यक्षांच्या पत्नी ग्रेस कूलिज तिला साखळी बांधून फिरवत. १९२७ मध्ये ईस्टरला व्हाइट हाउसच्या हिरवळीवर मुलं जमली तेव्हा त्या तिला कडेवर घेऊन आल्या. पाण्याच्या टबात साबणाच्या वडीशी खेळायला तिला फार आवडे. पण एवढ्या मोठ्या घरात, नोकरचाकर असूनही ती काही माणसाळली नाही. कूलिज यांची मुदत संपल्यावर रेबेकाची रवानगी प्राणिसंग्रहालयात झाली. रॅकून लहानपणी गोड आणि वयात आल्यावर नावरता, हे तेव्हाच कळायला हरकत नव्हती. पण जगाला ते कळायला आणखी पन्नास वर्षं लागली आणि त्याची किंमत दुसऱ्या देशांनी मोजली.

आता जर्मनीत जाऊ. तिथे रॅकून निसर्गानं पाठवलेला नाही, माणसानं नेलेला आहे. कातडीसाठी १९२० नंतर तिथे रॅकूनचे फार्म निघाले. एका फार्मवाल्याच्या आग्रहावरून १२ एप्रिल १९३४ या दिवशी हेस्से प्रांतातल्या एडर तलावाकाठी वनाधिकारी फॉन बेर्लेप्श यांनी रॅकूनच्या दोन जोड्या जंगलात सोडल्या. हेतू एवढाच की रानात एक नवा प्राणी यावा. वरच्या कचेरीची परवानगी मागितली होती, पण ती पोचायच्या आधीच प्राणी सोडून झाले होते. हे काम नाझी मंत्री गोरिंग यांच्या हुकमानं झालं, अशी दंतकथा अजून सांगतात, ती खरी नाही. पुढे १९४५ मध्ये युद्धाच्या अखेरच्या दिवसांत बर्लिनजवळच्या एका फार्मवर बॉम्ब पडला आणि तिथले वीस-पंचवीस रॅकून पळाले. त्या दोन घटनांतून जर्मनीतला मोठा रॅकून वंश वाढला.

एडर तलावापासून जवळ कासेल नावाचं शहर आहे. त्याला आज लोक रॅकूनची राजधानी म्हणतात. माळ्यावर मादी, धुराड्यात पिल्लं, फळझाडांवर रात्रीची धाड, हे तिथे रोजचं. तिथली माणसं पावसाच्या पाण्याच्या नळाला पत्र्याची गुळगुळीत रुंद पट्टी बसवतात, म्हणजे चढताना नखं घसरतात. आपण नारळाच्या झाडाला उंदरांसाठी पत्रा ठोकतो ना, तसंच. जर्मनीत शिकारीला मोकळीक आहे आणि अलीकडे वर्षाला दोन लाखांच्या घरात रॅकून मारले जातात. तरी ते कमी झालेले नाहीत. जागा रिकामी झाली की शेजारचा येतो, आणि उरलेल्या माद्या त्या जागी आपली पिल्लं वाढवतात. २०१६ मध्ये युरोपीय संघानं रॅकूनला घातक परक्या प्राण्यांच्या यादीत घातलं. चार जनावरांपासून सुरू झालेलं प्रकरण इथवर आलं.

जपानची गोष्ट तर आपल्यासारख्या आयांनी नीट ऐकावी अशी आहे. स्टर्लिंग नॉर्थ नावाच्या अमेरिकन लेखकानं १९६३ मध्ये आपल्या लहानपणाच्या आठवणींचं 'रास्कल' नावाचं पुस्तक लिहिलं. आई वारलेला एक मुलगा रॅकूनचं पिल्लू पाळतो, अशी ती हकीकत. त्यावर जपानमध्ये १९७७ साली बावन्न भागांची कार्टून मालिका निघाली. देशभरातल्या मुलांनी आईबापांकडे हट्ट धरला, आम्हाला रास्कल हवा. व्यापाऱ्यांनी उत्तर अमेरिकेतून पिल्लं मागवली. एका वर्षात दीड हजारापर्यंत पिल्लं आली असं सांगतात.

पिल्लं मोठी झाली. चावायला लागली, कपाटं उघडायला लागली, पडदे फाडायला लागली. लहानशा घरात त्यांना ठेवणं कोणालाच जमेना. मग लोकांनी त्यांना जवळच्या डोंगरात नेऊन सोडलं. गंमत अशी, खरं तर गंमत नव्हे, की मूळ पुस्तकाच्या शेवटी तो मुलगाही तेच करतो. रॅकून आता घरात राहणार नाही हे त्याला कळतं आणि तो त्याला रानात सोडतो. पण तो मुलगा अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनचा होता आणि ते रॅकूनचंच रान होतं. जपानचं रान त्याचं नव्हतं. मुलांनी मालिकेचा शेवट तंतोतंत पाळला आणि एक प्राणी देशभर पसरला. त्यानं मका, टरबुजं, स्ट्रॉबेरीच्या बागा लुटल्या. क्योटो-नारा भागातल्या शेकडो वर्षांच्या लाकडी देवळांच्या खांबांवर त्याच्या नखांचे ओरखडे उठले, कारण देवळाचं छप्पर ही त्याच्या दृष्टीनं उत्तम ढोली. २००४ मध्ये जपाननं कायदा करून अशा परक्या प्राण्यांना आणण्या-पाळण्यावर बंदी घातली. तोवर उशीर झाला होता. मालिकेतलं ते गोड तोंड मात्र अजून डब्यांवर, वह्यांवर, खेळण्यांवर दिसतं.

आता मावशींच्या जावईबापूंच्या सूचनेकडे येतो. पकडायचं आणि लांब नेऊन सोडायचं. ऐकायला किती दयाळू वाटतं! मारत नाही, फक्त दुसरीकडे पाठवतो. याचाही इतिहास आहे आणि तो सगळ्यात भयंकर आहे.

अमेरिकेच्या दक्षिणेत, फ्लोरिडाच्या बाजूला, रॅकूनमध्ये रेबीज होता. रेबीज म्हणजे आपल्याकडे ज्याला पिसाळणं म्हणतो तोच रोग. तो बरीच वर्षं दक्षिणेपुरताच होता. १९७० नंतर उत्तरेकडच्या डोंगराळ भागातल्या शिकार मंडळांना शिकारीला रॅकून कमी पडू लागले. त्यांनी दक्षिणेतून रॅकून विकत आणून आपल्याकडे सोडले. त्यांत काही आजारी होते. १९७७ मध्ये वेस्ट व्हर्जिनियात पहिला पिसाळलेला रॅकून सापडला. तिथून रोग रॅकूनकडून रॅकूनकडे असा उत्तरेला सरकत गेला आणि १९९९ मध्ये कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात पोचला. ऑन्टारिओनं लशीच्या वड्या चविष्ट आमिषात घालून विमानांतून आणि हातांनी रानात, गावात टाकल्या. काही वर्षांत तो रोग त्यांनी हटवला. २०१५ च्या डिसेंबरात हॅमिल्टन शहरात तो पुन्हा उगवला आणि पुन्हा लस टाकण्याचं काम सुरू झालं. टोरांटोपासून हॅमिल्टन जेमतेम तासाभराच्या अंतरावर आहे.

म्हणूनच ऑन्टारिओच्या कायद्यात पकडलेला रॅकून पकडल्या जागेपासून एक किलोमीटरच्या आतच सोडावा लागतो. लांब नेऊन सोडणं हा तिथे गुन्हा आहे. जावईबापूंना हे माहीत नव्हतं. आम्हालाही नव्हतं.

आणि मादीला पिल्लं असली तर लांब नेण्याचा दुसरा अर्थ काय होतो, तो आम्ही बायकांनी एकमेकींना समजावून सांगायची गरज नाही. आई गेली की पिल्लं वर भुकेनं मरतात, आणि चार दिवसांनी वासावरून घराला कळतं. आई परत आलीच तर ती पिल्लांसाठी छप्पर दुसऱ्या बाजूनं फोडते. मादी बाहेर गेलेली पाहून घाईघाईनं भोक बुजवलं तरी हेच घडतं.

टोरांटोच्या लोकांचा या प्राण्याशी चाललेला व्यवहार मोठा मजेशीर आहे. २०१५ च्या जुलैत शहराच्या मध्यवर्ती रस्त्याच्या कडेला एक मेलेला रॅकून दिवसभर पडून राहिला. पालिकेची गाडी येईना, तेव्हा लोकांनी त्याच्याशेजारी मेणबत्त्या लावल्या, फुलं वाहिली, एकानं चौकटीतला फोटोही आणून ठेवला. पुढच्याच वर्षी त्याच शहरानं सुमारे तीन कोटी डॉलरचं कंत्राट देऊन ओल्या कचऱ्याचे नवे हिरवे डबे घरोघर वाटले. रॅकूनला उघडता येऊ नयेत म्हणून त्यांना फिरवायची मूठ बसवली होती. यॉर्क विद्यापीठातल्या प्राणिमानसशास्त्रज्ञ सुझॅन मॅकडॉनल्ड यांनी असे डबे खऱ्या रॅकूनपुढे ठेवून तपासले होते. बहुतेक रॅकून हरले. पण २०१८ मध्ये एका पत्रकार बाईंनी घरामागे कॅमेरा लावला, तर एक रॅकून डबा आडवा पाडून मूठ फिरवताना दिसला! शोक करणारं शहरही तेच आणि कुलपं लावणारंही तेच. यात ढोंग आहे असं आम्हाला वाटत नाही. ज्याच्याशी रोज राहायचं त्याच्याशी असंच होतं.

तर आम्ही मावशींना काय कळवलं? तिकडच्या जाणत्या लोकांचा सल्ला आम्ही गोळा केला, तो असा.

पहिलं म्हणजे भोक बुजवू नका आणि पिंजरा लावू नका. रॅकूनच्या मादीच्या मनात एकच जागा नसते. आसपास दुसऱ्या एक-दोन ढोल्या तिनं हेरून ठेवलेल्या असतात. इथे राहणं नकोसं झालं की ती पिल्लांना एकेक करून मानेला धरून स्वतःच हलवते. मांजर जशी सात घरं बदलते तशी. म्हणून तिला फक्त नकोसं करायचं. माळा अंधारा आणि शांत म्हणून तिला आवडतो, तर तिथे लख्ख दिवा लावायचा. व्हिनेगरमध्ये भिजवलेली फडकी ठेवायची. आणि माणसांच्या बोलण्याचा रेडिओ लावून ठेवायचा. गाण्यांचा नव्हे बरं का, बोलण्याचा! माणसं सतत बोलताहेत म्हणजे जागा धोक्याची, असं ती धरते. हे सगळं झडपेपाशी उभं राहून करायचं, तिच्याजवळ जायचं नाही. पिल्लांची आई हल्ला करू शकते.

दोन-तीन रात्री वाट पाहायची. एवढ्यानं नाही गेली तर तिथे प्रशिक्षित माणसं असतात. ती पिल्लं हातमोज्यांनी उचलून भोकाशेजारच्या खोक्यात ठेवतात आणि भोकाला बाहेरच उघडणारं दार लावतात. आई बाहेर येते, पण आत जाता येत नाही, मग ती खोक्यातली पिल्लं घेऊन निघून जाते. सगळे गेले की भोकात कागदाचे बोळे कोंबून ठेवायचे. तीन रात्री बोळे जसेच्या तसे राहिले तर आत कोणी नाही असं समजायचं आणि मग जाड तारेची जाळी ठोकून कायमचं बंद करायचं.

दुसरं म्हणजे बाळाचं. रॅकून एकाच जागी शी करतात आणि त्यांच्या विष्ठेत एका जंताची अंडी असू शकतात. ही अंडी पोटात गेली तर लहान मुलांच्या मेंदूला, डोळ्यांना इजा होऊ शकते. ताज्या विष्ठेतली अंडी लगेच रोग देत नाहीत, त्यांना दोन-चार आठवडे लागतात. म्हणून साफसफाई रेंगाळू द्यायची नाही. पण ती घरच्या बाळंतिणीनं किंवा आजीनं करायची नाही. तोंडाला मास्क, हातात मोजे घालणाऱ्या माहीतगार माणसाकडून तो थर काढून घ्यायचा आणि फळ्यांवर उकळतं पाणी घालायचं. या जंताची अंडी साध्या औषधांनी मरत नाहीत, उकळत्या पाण्यानं मरतात. आणि कोणाला ओरखडलं, चावलं तर जखम साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच दवाखाना गाठायचा. हे शेवटचं वाक्य आपल्या गल्लीतल्या कुत्र्यांनाही लागू आहे, ते कृपा करून लक्षात ठेवा.

मावशींनी सगळं जावईबापूंना ऐकवलं. ते आधी कुरकुरले. पण कायद्याचं ऐकून गप्प झाले आणि दिव्याची वायर त्यांनीच वर सोडली. रेडिओ मात्र घरात नव्हता. मग मावशींनी डोकं लढवलं. लहान स्पीकर फोनला जोडला आणि आमच्या केंद्राच्या जुन्या कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणं माळ्यावर लावून दिली. शेळ्यांचं लसीकरण, बचतगटाचा हिशेब कसा ठेवावा, शेवग्याच्या पाल्याचे उपयोग. दोन रात्री अख्खा माळा मराठीत बोलत होता. तिसऱ्या पहाटे लेक बाळाला पाजायला उठली, तर खिडकीतून तिला दिसलं. मादी छपराच्या कडेवरून शेजारच्या मेपलच्या झाडावर उतरत होती आणि तोंडात पिल्लू होतं. मावशींना तिनं हाक मारली. दोघी खिडकीशी उभ्या राहिल्या. मादीनं चार खेपा केल्या. प्रत्येक खेपेला वर जाताना ती थांबून इकडेतिकडे बघायची. चौथ्यानंतर ती परत आली नाही.

आमचा कार्यक्रम ऐकून कोणी घर सोडून गेलं आणि आम्हाला आनंद झाला, असा हा एकच प्रसंग.

मावशींचा पुढचा निरोप लहान होता. "ती आपल्या पायांनी गेली, पोरं घेऊन गेली. मला झोप लागली."

हे सगळं दूरच्या देशातलं असलं तरी आमच्यातल्या कोकणातल्या एका मैत्रिणीनं लगेच विचारलं, आपल्या माळ्यावरच्या उदमांजराचं काय वेगळं आहे? काही भागांत त्याला कांडेचोर म्हणतात. रॅकूनचं आणि त्याचं कूळ एक नाही, पण कौलारू घराच्या माळ्यावर रात्री धडधड करायची, पिकलेली फळं खायची, मादीनं माळ्यावर विणं, हे सारखंच. कित्येक घरांत तो आवाज भुताचा समजतात. कित्येक घरांत धूर करतात, काठ्या घेऊन चढतात. उदमांजराला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, त्याला मारता येत नाही. पिल्लं असतील तर थोडे दिवस कळ काढावी, ती गेली की कौलांची फट बुजवावी. अडचण झालीच तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करून विचारावं.

या गोष्टीत प्राणी एकच आहे आणि माणसाची खोडही एकच आहे. कातडी हवी म्हणून आणला, मुलाचा हट्ट म्हणून आणला, शिकारीची मजा म्हणून आणला. नकोसा झाला की उचलून दुसऱ्याच्या दारात सोडला. प्रत्येक वेळी सोडणाऱ्याला वाटलं की प्रश्न मिटला, आणि प्रत्येक वेळी तो दुसऱ्या कोणाच्या तरी माळ्यावर जाऊन बसला. मावशींनी दोन-तीन रात्री थांबून पाहिलं, तेवढ्यानं त्या घराचा तरी प्रश्न दुसऱ्याच्या गळ्यात न पडता सुटला.

तुमच्या माळ्यावर कधी कोण राहून गेलं असेल तर आम्हाला जरूर कळवा. पुढच्या भागात ते वाचून दाखवू.